घंटा वाजली की उभं राहायचं

मंगळवार, बनशंकरी, बंगळुरू

ती घंटा काही डोक्यातून जात नाही. स्वित्झर्लंडमधलं एक मूठभर वस्तीचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीचं पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. दुपारी तिथली कारकून, उर्सुला, कॉलवर होती. मध्येच चर्चची घंटा वाजायला लागली, तशी हेडफोन काढून बाई उठून उभीच राहिली. नंतर म्हणाली, "वरच्या आळीतली म्हातारी गेली. भांडकुदळ होती, माझ्याशी बोलायचीसुद्धा नाही. पण घंटा वाजली की सगळं गाव हातातलं काम टाकून उभं राहतं. पणजीच्या आधीपासून चालत आलंय. तुमच्याकडे काय करतात?"

मी नेटवर्कचं निमित्त करून कॉल बंद केला.

गेल्या महिन्यात आई गेली तेव्हा अपार्टमेंटच्या ग्रुपवर एकच मेसेज आला होता. शववाहिका कुणाची आहे, मागच्या गेटला लावा. उभं कोण राहणार? आणि मी तरी कुणाचं दार वाजवलं? इतकी वर्षं राहून एकाचंही नाव धड माहीत नाही. घंटा तरी कुणासाठी वाजवायची!

संध्याकाळी लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या अक्का भेटल्या. मोडक्या हिंदीत प्रेमाने विचारलं, "अम्मा दिसत नाहीत हल्ली. गावाला गेल्या का?"

मी "हो" म्हटलं.