मागे पाय दाबून थांबणारी सायकल

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, व्यवसायाने लिफ्ट-तपासणी अभियंता. आज माझं डोकं शाबूत आहे. येत्या सोमवारी सर्जन त्यातली एक फुगलेली रक्तवाहिनी बंद करणार आहेत, म्हणून शाबूत असल्याचं आजच लिहून ठेवते. कोणाची जबरदस्ती नाही आणि कोणाची भीडही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. तळमजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक आईला. पायऱ्या नसलेलं घर मी मुद्दाम घेतलं, सायकल थेट आत येते. "आईला एकटीला झेपणार नाही" असं म्हणून दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ते विकायला लावू नये. आईला काय झेपतं हे ठरवण्याचा त्याचा अधिकार कलम ३ मधल्या दिवशी संपला.

२. हत्यारांची पेटी पुलापलीकडच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांना कालच देऊन टाकली, इथे फक्त नोंद. दादाला त्यातला साधा पानाही मिळू नये. त्याच्याकडे हत्यारं रग्गड आहेत, उणीव हत्यारांची नाही.

३. काळी सायकल आईला. ताठ बसता येईल असं उंच हँडल, स्प्रिंगची रुंद सीट, मडगार्ड, पुढे टोपली, स्टँड, आणि पाय मागे दाबला की लागणारा ब्रेक. आई दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला आहे. बावीस वर्षं ती याच सायकलने गेली, घाम न गाळता, कोणाला मागे न टाकता, ओळखीचं कोणी दिसलं की एक पाय टेकून थांबत.

दादा रेसिंग क्लबचा सेक्रेटरी. तो म्हणायचा, "आई, ही सायकल नाही, पलंग आहे."

"पलंगावरून कोणी पडत नाही, राजा," आई म्हणायची.

गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला त्याने ती न विचारता नेली आणि संध्याकाळी परत आणली. टोपली, मडगार्ड, स्टँड गायब. हँडल चौदा सेंटिमीटर खाली. सीट पंजाएवढी. मागचं चाक नवं, हातब्रेकचं. "साडेचार किलो उतरवले!" असं तो ओरडला आणि क्लबच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रेक बदलल्याचं त्याने आईला मेसेजने कळवलं. आई मेसेज वाचत नाही हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

दुसऱ्या सकाळी पुलाच्या उतारावर आईने पाय मागे दाबला. पेडल नुसतंच मागे फिरलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर ओलं असताना दादा म्हणाला, "तुझी पोझिशन चुकली."

मी लिफ्टचे ब्रेक तपासते. ब्रेक बदलला आणि वापरणाऱ्याला दाखवला नाही, तर आम्ही लिफ्टला कुलूप घालतो. त्या संध्याकाळी मी तिथेच होते. नवं चाक मी पाहिलं आणि गप्प बसले, कारण सगळे हसत होते. एवढा दोष माझा. बाकीचा त्याचा. तो मी माफ केलेला नाही, मेल्यावर करेन अशी आशा कोणी ठेवू नये.

तेरा महिने आई बसने जाते. "वय झालं आता" हे वाक्य दादाचं, पण हल्ली तिच्या तोंडी असतं. तिने मला देऊन टाकलेली सायकल काकांनी आणि मी जुने भाग शोधून पूर्ववत केली. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे. आई येते आणि तिला वळसा घालून ओट्याशी जाते.

अट: दादाने किंवा क्लबने सायकलला पाना लावू नये. तिचं वजनही करू नये.

४. माझ्या नावाने स्पर्धा, चषक, स्मृती-राइड काहीही नको. दादाला हे सुचणार, मी त्याला ओळखते. कोणाला काही करायचंच असेल तर त्याने आठवडाभर सायकलवरून भाजी आणावी.

५. माझा रेनकोट वहिनीला. ती दादाच्या नकळत माझी रोजची सायकल घेऊन तळ्यापर्यंत जाऊन येते. हे इथे लिहिल्याने उघड होईल. होऊ दे.

सहीपूर्वीची दुरुस्ती: साक्षीदार काकांची वाट बघत असताना आईने हा कागद टेबलावरून उचलून वाचला. कलम ३ वर बोट ठेवून म्हणाली, "हे काय? तू मेल्यावर मला सायकल?"

"मृत्युपत्रात तसंच लिहितात, आई."

"मृत्युपत्र गेलं चुलीत! तशा सायकलवर मी बसेन असं वाटतं तुला? द्यायची तर आत्ता दे."

"आणि मनगट?"

"मनगटाने थांबवतात का ती?"

सबब कलम ३ मधली देणगी रद्द. सायकल आज पाच वाजून दहा मिनिटांनी आईच्या ताब्यात दिली. बाकी मजकूर दादाने वाचावा म्हणून तसाच ठेवला आहे. अट कायम.

काकांना आणायला आई स्वतः गेली. मी खिडकीशी उभी होते. पाच अडतीसला दोघं आले. काका चालत, आई त्यांच्या शेजारून सायकलवर, त्यांच्याच वेगाने, उशीर केला म्हणून त्यांना झापत.

तिने सहीसाठी पेन मागितलं. जिला मिळतं तिने साक्षीदार होऊ नये, असं मी सांगितलं. "बरंच आहे," ती म्हणाली. "मला नाहीच द्यायची याची साक्ष. सोमवारी दवाखान्यात मी माझी येईन. दादाला सांग, गाडी आणू नकोस."

सही: (केली)
साक्षीदार: १. सायकल दुरुस्तीवाले काका २. वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाई
स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: नऊ, गुरुवार, संध्याकाळी सहा