दसऱ्याच्या पाटावरचं पदक

दसरा, संध्याकाळ. साकोली.

आजोबांनी महायुद्धावरून आणलेलं पदक आज पुन्हा विळ्याशेजारी, पूजेच्या पाटावर. आईने ते नेहमीसारखं तिरकं ठेवलं, म्हणजे मधलं स्वस्तिक सरळ दिसतं. मोबाइलवर तसंच पदक सापडलं. लढाईत शौर्य दाखवणाऱ्या जर्मन सैनिकांना द्यायचे. आजोबांनी ते कुणाच्या छातीवरून काढलं, कोण जाणे. आईला सांगितलं, हे आजोबांना मिळालेलं नाही, हिटलरच्या माणसाचं आहे.

"स्वस्तिक हाये ना त्यावर? मंग देवाचंच हाये. सणाच्या दिवशी कायले असं बोलून राहिला?" तिने हळदकुंकू वाहिलं.

ती आत गेल्यावर मी पदक सरळ केलं. स्वस्तिक तिरकं झालं. ती आरती घेऊन येताना दिसली, तसं मीच ते पुन्हा तिरकं केलं आणि हात जोडले.