राउटरला कोणीतरी हात लावतं

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून अभ्यास. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की २८ तारखेची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा पास झालात तर नेटवर्क विभाग तुमच्याकडे, नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल. बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होते. म्हणजे बाहेरचा माणूस आधीच ठरलेला दिसतो. इतकी वर्षं या गोदामाच्या ऑफिसात बिघडलेले कीबोर्ड बदलतोय, माणसं ओळखता येतात मला.

सरावासाठी जुना राउटर विकत आणला. दुकानदाराने न मागता पिशवी दिली. का दिली असेल?

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं नुसती ओळख करून देणारी. राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, तिची मेमरी कशी असते, वगैरे. लेखकाने पानं भरली आहेत. राउटरलाही कॉम्प्युटरसारखी ऑपरेटिंग सिस्टिम असते, एवढं मला पुरे. थेट चौथं प्रकरण घेणार: सुरक्षा.

रोज पहाटे पाचला उठायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ७.४०

पाचचा गजर कोणीतरी बंद केला. ही म्हणते, तुम्हीच केलात, डोळे मिटून.

४ सप्टेंबर, बुधवार

राउटरला स्क्रीन नसते. लॅपटॉपला केबलने जोडायचा आणि एकेक कमांड टाइप करायची. पहिल्याच बैठकीत त्याचं नाव बदललं. आधी नुसतं 'राउटर' दिसायचं, आता 'वाघ' दिसतं. मग त्याच्या पोर्टना, म्हणजे केबल खोचायच्या खाचांना, पत्ते दिले. दोन तास मोडले, पण काम चोख.

मेहुणा मागे उभा राहून बघत होता. हिचा धाकटा भाऊ. नोकरी शोधायला म्हणून आलाय आणि सध्या आमच्याकडेच असतो. हीच परीक्षा तोही देणार आहे, माझ्यानंतरच्या बॅचला. मी ऑफिसला गेल्यावर राउटर वापरू का, असं विचारत होता. बघू म्हटलं. उठताना प्लग काढून ठेवला. चालू ठेवून जायला मी काही दुधखुळा नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

वाघ गेला. पत्ते गेले. राउटर सुरू केला तर तो मलाच विचारतो की पहिल्यापासून जुळवणी करायची आहे का, हो की नाही. जशी काही काल आमची भेटच झाली नव्हती.

कोणीतरी पुसलं. घरात आम्ही तिघं. मी नाही. हिला त्या डब्याचा राग आहे, पण ती तो उचलून माळ्यावर टाकेल, आतलं पुसत बसणार नाही. उरला कोण?

८ सप्टेंबर, रविवार

पाळत. राउटर दिवसभर चालू ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. जेवणही तिथेच. मेहुणा पलीकडे टेबलावर वाचत होता. दोनदा माझ्याकडे बघून हसला. संध्याकाळपर्यंत एक अक्षर पुसलं गेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत हिंमत झाली नाही त्याची. झोपताना प्लग काढला, राउटर कपाटात ठेवला आणि दाराच्या फटीवर चिकटपट्टी लावली.

९ सप्टेंबर, सोमवार

चिकटपट्टी जशीच्या तशी. राउटर कोरा.

म्हणजे पट्टी काढून पुन्हा लावली, तीही सरळ. भिंतीवरचं माझं अभ्यासाचं वेळापत्रक मेहुण्यानेच चिकटवलं होतं. अगदी सरळ आहे ते.

१० सप्टेंबर, मंगळवार

मेहुणा आपणहून बोलायला आला. भाऊजी, चेहरा का उतरलाय, म्हणाला. काही नाही म्हटलं. मग हळूच विचारतो, सगळं टाइप करून झालं की शेवटी सेव्ह करताय ना, त्याची एक कमांड असते, पहिला शब्द 'कॉपी'. मी सावध झालो. घाम गाळायचा मी आणि माझ्याच हाताने त्याची कॉपी काढून ठेवायची, म्हणजे ह्याला सगळं आयतं. वर म्हणे, वीज गेली की राउटर सगळं विसरतो. मी विचारलं, आपला टीव्ही रात्री बंद करतो, तो सकाळी चॅनेल विसरतो का? त्यावर डोकं खाजवायला लागला. खोटं पकडलं गेलं की माणूस असंच डोकं खाजवतो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

चौथं प्रकरण हातात घेतलं ते बरं झालं. राउटरला पासवर्ड घालता येतो. घातला: मेहुणाचोर. इंग्रजी अक्षरांत, सलग. चोर सगळं टाइप करून बघेल, स्वतःचं नाव बघणार नाही. शिवाय सुरू करताना पहिल्यांदा दिसेल अशी ताकीदही लिहिता येते. तीही लिहिली: ह्याला हात लावणाऱ्या, मी तुला ओळखून आहे.

प्लग काढला. आज शांत झोप लागणार.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पासवर्ड न विचारता उघडला. ताकीद गायब.

पासवर्ड फोडला, आत शिरला, सगळं पुसलं आणि जाताना पासवर्डही पुसून गेला. एवढं ज्याला येतं त्याला परीक्षेची गरज काय? लख्ख प्रकाश पडला. साहेबांचा बाहेरचा माणूस माझ्याच घरात, माझ्याच पंख्याखाली झोपतोय.

१५ सप्टेंबर, रविवार

जेवताना साधा प्रश्न विचारला, मी ऑफिसात असतो तेव्हा तू काय करतोस? अर्ज पाठवतो म्हणाला, वाचतो, ताईचं बाजारहाटाचं बघतो. कपाटाकडे जातोस का? टॉवेल तिथेच असतो ना भाऊजी, म्हणाला. कबुली मिळाली. मी आवाज न चढवता म्हटलं की ज्या घरात राहायचं तिथे निदान विश्वासाने राहावं माणसाने. ही माझ्याकडे बघतच राहिली. त्याने जेवण संपवलं, ताट उचललं, धुतलं आणि जागेवर ठेवलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

मेहुणा मित्राच्या खोलीवर राहायला गेला. जाण्यापूर्वी माझा पाचचा गजर लावून दिला. फोन स्टीलच्या ताटलीत ठेवलाय, म्हणाला, म्हणजे जाग येईल. ही त्याला सोडायला खाली गेली ती बऱ्याच वेळाने वर आली. माझ्याशी बोलली नाही.

घर एकदम शांत. अभ्यासाला याहून चांगलं वातावरण नाही. का कोण जाणे, एक पान वाचून झालं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कोरा. त्याच्याकडे घराची किल्ली राहिली असणार.

१८ सप्टेंबर, बुधवार

कुलूप बदललं. तरी कोरा. संध्याकाळी ही दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. नव्या कुलपाची किल्ली फक्त तुमच्या खिशात आहे, म्हणाली, मी कामावरून येऊन तासभर जिन्यात बसले होते. शेजारीणबाईंनी तिला चहा दिला म्हणे. शेजारीणबाईंचं एकाएकी एवढं प्रेम का, हेही बघायला हवं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

राउटर आता सोबत ऑफिसला नेतो. दुकानदाराच्या पिशवीतून. जेवताना मांडीवर. चष्मेवाला क्लार्क विचारत होता की बाळाला भूक लागली का. हसू दे. घरी आणून सुरू केला, कोरा. दिवसभरात माझ्याशिवाय त्याला कोणी शिवलंसुद्धा नाही.

पिशवी बदलली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

एक मात्र झालं. रोज पहिल्यापासून टाइप करून बोटं इतकी सरावली आहेत की नाव, पत्ते, पासवर्ड, ताकीद, सगळं खाली न बघता होतं. शत्रूनेच मला तयार केलं. पास होण्याबद्दल आता शंका नाही. नेटवर्क विभागातल्या खुर्चीवर बसून बघितलं. जरा खाली करून घ्यावी लागेल.

हिने मेहुण्याचा कप अजून स्टँडवरच ठेवलाय. मीही हलवलेला नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

परीक्षा झाली. माझी घोर फसवणूक झाली आहे.

प्रश्न सहावा: एक विद्यार्थी राउटरची जुळवणी करतो आणि प्लग काढतो. पुन्हा सुरू केल्यावर राउटर कोरा असतो. कारण निवडा.

माझ्या घरातली गोष्ट परीक्षेत आली कशी? पर्यवेक्षक बाईंना बोलावून हळूच सांगितलं की हा प्रश्न माझ्यावर बेतलेला आहे. आपल्या स्क्रीनकडे बघा, म्हणाल्या. पर्याय होते चार. केबल चुकीची, राउटर जुना, जुळवणी सेव्ह केली नाही, अनधिकृत व्यक्तीने पुसली. तिसरा तर शब्दन् शब्द मेहुण्याची भाषा. मी चौथा निवडला. प्रश्न काढणाऱ्यांना काय ठाऊक, मी स्वतः तिथे होतो.

निकाल लगेच स्क्रीनवर आला. सुरक्षा: उत्तम. ऑपरेटिंग सिस्टिमची मूलतत्त्वं: अत्यंत कमी. एकूण: नापास.

३० सप्टेंबर, सोमवार

साहेबांनी निकाल ऐकला आणि म्हणाले ठीक आहे. बाहेरच्या माणसासाठी आजपासून शोधाशोध करावी लागेल, म्हणाले. आजपासून. म्हणजे ठरलेलं कोणी नव्हतंच.

दुपारी तीन कीबोर्ड बदलले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

कुठे कमी पडलो ते बघू म्हणून पुस्तक पहिल्यापासून उघडलं. पान अकरा. आपण टाइप करतो ते राउटर चालू असेपर्यंतच टिकतं. प्लग काढला की जातं. कायम राहायला हवं असेल तर कॉपीची कमांड देऊन सेव्ह करावं लागतं. पान दोनदा वाचलं. पाणी प्यायलो. पुन्हा वाचलं.

रोज प्लग कोण काढत होतं?

चोर सापडला. नाव लिहीत नाही.

त्या दिवशी मेहुण्याने ताट धुऊन जागेवर ठेवलं होतं, ते सारखं डोळ्यांपुढे येतंय. लाज वाटली. हिला सांगायचा विचार केला, पण ती भाजी चिरत होती आणि हातात सुरी होती.

३ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटी हिला सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, त्याची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, मित्राच्या खोलीवर राउटर नाही, पुस्तकातली चित्रं बघून सराव करतोय. मी म्हटलं, हा राउटर नेऊन दे त्याला. ही इतक्या दिवसांनी नीट हसली.

कोरा राउटर देणं बरं दिसत नाही. बसलो आणि सगळं करून दिलं. बोटं आपोआप चालली. शेवटी कॉपीची कमांड. प्लग काढला, लावला. वाघ जागेवर. ताकीद आली, पासवर्ड विचारला, टाकला, उघडला. एक अक्षर हललं नव्हतं. प्लग काढून लावून पुन्हा पुन्हा बघितलं, दर वेळी तेच. आता जगातला कोणी माझं काम पुसू शकत नाही.

ही संध्याकाळी नेऊन देणार. माफी काय, शब्दांनीच मागायला हवी असं थोडंच आहे?

६ ऑक्टोबर, रविवार

मेहुण्याचा फोन आला. हिने सगळ्यांना ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला. भाऊजी, राउटर फार छान चाललाय, म्हणाला, थँक्यू. सुरू केल्यावर एक ताकीद येते, ती वाचली. मी म्हटलं, ती सर्वसाधारण आहे, सगळ्यांसाठी असते. हो हो, म्हणाला. पुढे जायला पासवर्ड मागतोय, तेवढा सांगता का?

आठवत नाही म्हटलं. ही म्हणाली, परवा तर न बघता टाकत होतात. मेसेज करतो म्हटलं. ही म्हणाली, परीक्षा मंगळवारी आहे त्याची, आत्ता सांगा. सोफ्यावरून उठून ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

एकेक अक्षर सांगायला लागलो. एम. ई. एच. यू. एन.

मग मेहुणा म्हणाला, राहू दे भाऊजी, पुढचं येतं मला. बटणं वाजली. उघडलं, म्हणाला.