घोडदळातले माझे सहा रविवार

२ नोव्हेंबर, रविवार
घोडदळात दाखल झालो. शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लबने ७ डिसेंबरला मराठा घोडदळाचा देखावा आणि स्पर्धा ठेवली आहे. दौडत्या घोड्यावरून जमिनीत ठोकलेली लाकडी मेख भाल्याच्या टोकाने उचलायची. अवघड काही नाही. कोथरूड ते खराडी रोज स्कूटरने जातो, तोल आहे.
ओवीने वर्गात सांगून टाकलंय की माझा बाबा स्वार आहे. पाच मैत्रिणी बघायला येणार. दहा वर्षांची झाल्यापासून लेक मला शाळेच्या गेटपर्यंत येऊ देत नाही. आता देईल.
फॉर्मवर ‘पद’ या रकान्यात शिलेदार लिहिलं. शोभतं.

९ नोव्हेंबर
शिकवणारे उस्ताद ज्ञानदेव सर, लष्करी घोडदळातले निवृत्त दफेदार. फॉर्म वाचून त्यांनी विचारलं, शिलेदार हाय, मग घोडा कुठं हाय? शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो म्हणे. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. मला जागच्या जागी बारगीर केलं. हरकत नाही. पूर्वीही खरं काम बारगीरच करत असणार.
क्लबची घोडी मिळाली, सोनू. मी चढलो तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बहुधा कौतुकाने.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मांड्या! बसवत नाही. ऑफिसची स्टँड-अप मीटिंग आज पहिल्यांदाच सोयीची वाटली.

१६ नोव्हेंबर
मेख सात वेळा हुकली. फारच लहान करतात. सोनू त्या वेळी चालत होती हे खरं, पण झपाझप चालत होती. सर म्हणाले, भाला मेखंला मारा साहेब, मला नको.
संध्याकाळी सोफ्याच्या हातावर स्वार होऊन मॉपच्या दांड्याने सराव. तनया म्हणाली, फिरवतोच आहेस तर जरा सोफ्याखालूनही फिरव. बायकोला इतिहासात रस नाही.

२३ नोव्हेंबर
अंगरखा आणि पगडी आणली. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. शेजारच्या सीतारामकाकांनी लग्न कोणाचं म्हणून विचारलं. दुर्लक्ष केलं. या गडबडीत सराव राहिला. पुढच्या आठवड्यात दुप्पट.

३० नोव्हेंबर
दुडक्या चालीत दोन मिनिटं टिकलो. एकदा उतरलो, बाजूने.
शिट्टी वाजली की सगळी रांग एकदम दौडते. सोनू बारा वर्षं हे करते आहे. म्हणजे आमच्या दोघांचा मिळून अनुभव बारा वर्षं.
सरांनी हळूच सुचवलं, मेखा ठोकायला माणूस कमी हाय. नम्र नकार दिला. ओवीने मैत्रिणींना स्वार सांगितलाय, मेखा ठोकणारा नाही.

७ डिसेंबर, दुपारी चार
शिट्टी वाजली. सोनू निघाली. भाला गैरसोयीचा वाटल्याने मी तो वाटेत ठेवला आणि तिच्या मानेला मिठी मारली. मेखेच्या बरंच अलीकडे जमिनीवर आलो. सोनू रांग न मोडता स्वाराविनाच शेवटपर्यंत गेली, वळली आणि आपल्या जागी येऊन उभी राहिली. सर्वांत शिस्तबद्ध घोड्याचं बक्षीस तिला. स्वाराचं नाव पुकारलं नाही.
ओवी पळत आली. मी बसल्या जागी हात पसरले. ती मला वळसा घालून सोनूच्या गळ्यात पडली. मैत्रिणींना ऐटीत सांगत होती, ही माझ्या बाबाची घोडी. मैत्रिणींनी मग बाबा कोण म्हणून विचारलं नाही. वाईट वाटलं. इथे खोटं कशाला लिहू, खूप वाटलं.

८ डिसेंबर, सोमवार
ओवीचं क्लबात नाव घातलं. सोनूच हवी म्हणाली. लहान मुलं शिकत असताना एका पालकाने घोड्याचा लगाम धरून रिंगणात चालायचं, असा नियम आहे. दर वेळी वीस फेऱ्या. मी तनयाचं नाव लिहायला घेतलं, तर ओवीने पेन काढून घेतलं आणि माझं लिहिलं.
म्हणजे सोनूच्याही पुढे मी असणार. एका अर्थी नेतृत्वच.
ओवीची अट एकच आहे. मी बोलायचं नाही, नुसतं चालायचं.