गोळ्यांचे चार दिवस

राजारामपुरी, कोल्हापूर
६ मार्च १९७९

प्रिय नंदू,

कुरुंदवाडला तुम्ही दोघं खुशाल असाल. इकडे बाबांची तब्येत बरी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील.

दिवाळीत आमटीला मीठ कमी म्हणून त्यांनी ताट भिरकावलं आणि जावई म्हणून आलेल्या वसंतरावांना फुकटचं गिळायला येता म्हणाले. तू रडत एस्टीत बसलीस. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना ज्यांनी पोरावर कधी आवाज चढवला नाही, ते हेच का, असं मलाही वाटलं. हाडांतल्या कॅन्सरनं माणूस आतून बदलतो की काय, ही भीती मनात बसली.

महिना-दीड महिन्यानं चार दिवस त्यांना गोळ्या असतात, तुला ठाऊक आहे. त्या दिवसांत झोप नाही, सारखी भूक, तोंड सुजलेलं, आणि शब्दाशब्दाला भडका. दिवाळीही त्यातच आली होती. डिसेंबरात मात्र ते चार दिवस कसे शांत गेले! माझ्याशी गोड बोलले, रात्री घोरत झोपले. मी अंबाबाईला नारळ फोडून आले. आठवड्यानं पाठ धरली, मोरीतनं उठता येईना, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विचारलं, गोळ्या घेतल्या का? आधी नजर चुकवली, मग म्हणाले, "टाकल्या. त्यांनीच डोकं फिरतंय माझं. या दुखण्यानं गेलो तरी चालंल. पोर माझ्या दारातनं रडत गेली, ते पुन्हा न्हाई बघायचं."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरांसमोर सगळं ओकले. ताटाचंही सांगितलं, मान खाली घालून. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हे आधीच सांगायला हवं होतं. दोन गोळ्यांतली एक झोप उडवते आणि राग चढवते. तो तुमचा स्वभाव नव्हे." ते ती रात्रीच्या जेवणावर घेत होते! आता ती थोडी कमी केली आहे आणि सकाळी भरल्या पोटीच घ्यायची. तोंड आलं तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ताप आला तर घरी न थांबता थेट दवाखाना. येताना गाडीत मी पदर तोंडाशी धरून रडले, नंदू, पण सुटल्यासारखं. माझा माणूस हरवला नव्हता.

त्यानंतर दोनदा गोळ्या झाल्या. चिडचिड आहेच. गेल्या खेपेला रेडिओवर ओरडले, पण लगेच स्वतःच चपला घालून बागेकडे चक्कर मारून आले. झोप लागते. पाठ हलकी आहे, रक्ताचा रिपोर्टही चांगला आला.

पाडव्याला नेमक्या पुढच्या गोळ्या येताहेत. मी म्हटलं, ते दिवस सरले की नंदूला बोलावू. तर म्हणाले, "न्हाई, गोळ्या चालू असतानाच येऊ दे. मी शांत असताना बोलावलं तर पोर धास्तीतच जेवणार, आता उठतोय का मग उठतोय म्हणून. भडकलेला बाप ताट न फेकता जेवतोय, हे तिनं डोळ्यांनी बघू दे. आणि जावयांची माफी मी तोंडानं मागणार, पत्रात न्हाई." तेव्हा पाडव्याला दोघंही या. पानं मांडून ठेवते.

तुझीच,
आई