निळ्या कपातलं दूध

धाकटे, थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

लेकीकडे आम्ही मजेत आहोत, काळजी नको. गुडघा शेकतेस ना?

आपला नातू स्वमग्न, हे तू जाणतेसच. अडीच वर्षांचा जीव, टोस्ट आणि निळ्या कपातलं दूध एवढ्यावरच जगतो. डॉक्टरांनी व्हिटॅमिनचे थेंब दिले आणि बजावलं, "वेगळ्या चमच्यात, त्याला दाखवून द्या." पण लेकीच्या सासूबाई अतिशहाण्या! "लाडावलंय कार्टं," म्हणत त्यांनी ते गुपचूप दुधात ढकलले. पोराने एक घोट घेतला आणि कपच भिरकावला. दूध बंद, त्याला आज आठवा दिवस. गाल बसलेत गं.

मग मीही तेच थेंब विहीणबाईंच्या चहात घातले. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं!

"अहो, कसला घाण वास हा?"

"लाडावल्यात तुम्ही," मी म्हटलं. "प्या मुकाट्यानं. साठीच्या जिभेला कळतं, ते लेकराच्या जिभेला कळणार नाही होय?"

बाईंनी कप बाजूला सारला. आता दुपारी स्वयंपाकघरात डोकावून जातात, चहाचं आधण दिसतं का बघायला. मी ठेवतच नाही. आधी पोर कपाला हात लावू दे.

तुझी,
डूख धरून बसलेली ताई