बंद पंख्यांचा हॉल

बाई, काल संध्याकाळी मी तुमचा चेहरा झाडूने पुसला. पाच दिवस फळीवर पोट टेकून काढलेली रांगोळी दोन मिनिटांत सुपलीत आली. रडले नाही. रडले असते तर परळच्या त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत म्हणाला होतात तेच तुम्ही म्हणाला असतात, "झाडू घे. रडायचंय तर घरी जाऊन रड." तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आठवडाभर ऑफिसात टायपिंग करायची आणि रविवारी तुमच्या वर्गाला यायची. पहिल्याच दिवशी जमिनीवर सांडलेले चार कण उडवायला मी फुंकर मारली आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझा उद्धार केलात. "फुंकर चहावर मारायची. इथे श्वाससुद्धा नाकाने आणि हळू." दोन रविवार मी आले नाही. तिसऱ्या रविवारी तुम्ही आमच्या चाळीत येऊन दारात उभ्या, हातात तुमची स्वतःची बारीक जाळीची चाळण. "ही घे आणि चल," एवढंच म्हणालात. ती चाळण अजून माझ्याकडे आहे.

दिवाळीतलं तुमचं प्रदर्शन आठवतं. शाळेचा मधला वर्ग, खिडक्या लावलेल्या, जमिनीवर माणसांचे हातभर मोठे चेहरे, आणि दोरीपलीकडून पुढे सरकणारी रांग. पंख्याचा फ्यूज काढून तुम्ही पर्समध्ये ठेवायचात, चष्म्याच्या डबीशेजारी. कुणा पाहुण्याने घाम पुसत पंख्याकडे पाहिलं की तुम्ही म्हणता, "रुमाल आहे ना तुमच्याकडे?" आम्ही मुली मागे उभ्या राहून हसू दाबतोय. मला तेव्हा वाटायचं, माणसाने असं असावं. कुणाला भिऊ नये.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आमची लालबागची चाळ पडली, तिथे टॉवर झाला, खाली मोठा हॉल झाला. तिथे सोसायटीचं दिवाळी प्रदर्शन भरतं. यंदा सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मनात आलं की बाहेरचा माल पुरे, आपल्या माणसांनी आपल्या हाताने केलेलं मांडू या. कुणाचा मालवणी मसाला, कुणाचे कागदी कंदील, कुणाच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या, आणि हॉलच्या मधोमध माझी रांगोळी. मी म्हटलं, काढीन, पण काढताना आणि प्रदर्शनाचे तीन दिवस पंखे आणि एसी बंद. त्यांच्या मेन स्विचची पेटी भिंतीत आहे आणि तिला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे पाहिजे. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ऑक्टोबर आहे. लोक भाजून निघतील." मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. त्यांनी किल्ली दिली, पण बजावलं, "काही झालं तर लगेच उघडायचं हां."

तुमचा एकच फोटो माझ्याकडे होता, शाळेतल्या घोळक्यातला, त्यात तुमचा चेहरा नखाएवढा. उजव्या डोळ्याने मला दोन दिवस छळलं. रागावलेला जमायचा, पण रागावताना त्यात जे हसू असायचं ते येईना. मी उठायला तयार नव्हते. आमच्या जुन्या मजल्यावरच्या काकू हॉलमध्ये चिवड्याचं टेबल मांडायला आल्या होत्या. पंचाहत्तरी उलटली तरी पोहे स्वतः भाजतात. माझे रंगाने माखलेले हात बघून त्या खाली बसल्या, "जेवलंस काय गो? ह्या हातान कसा जेवतलंस? आ कर," म्हणाल्या आणि भाकरी-भाजीचे घास मला भरवले. त्याच दुपारी तो डोळा जमला. बाई, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी घाबरून मागे सरकले, इतक्या खऱ्या.

प्रदर्शन उघडलं आणि माझी झोप उडाली. हॉलचं दार उघडलं की मी जाऊन ते लोटून घ्यायची. मसाल्याचं टेबल मी दोनदा दाराकडे हलवायला लावलं, कुणी शिंकलं तर काय करा. कंदीलवाली म्हणाली, "ताई, श्वास घेऊ की तोही बंद?" लोक हसले, मी नाही हसले. बायका पुठ्ठ्याने वारा घ्यायला लागल्या, ते पुठ्ठेही मी काढून घेतले. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा नाही वाटली. रांगेतली माणसं दोरीपाशी थांबून म्हणत होती, "बाईंनीच शिकवलं आम्हाला," "आमच्या वर्गाला होत्या," आणि मला वाटत होतं, तुम्ही परत आलात आणि तुम्हाला सांभाळायचं काम एकट्या माझं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉल गच्च भरलेला असताना, चिवड्याच्या टेबलामागे काकू खुर्चीवरून घसरल्या. सून ओरडली. मी पाहिलं तर ओठ पांढरे, कपाळ घामाने निथळतंय, डोळे अर्धवट मिटलेले. "पंखा लावा! कोणीतरी पंखा लावा!" खटके दाबले, काही होईना. सेक्रेटरी गर्दीतून माझ्याकडे आले. "चावी, मॅडम! चावी द्या!" मी पर्स उघडली. पर्समध्ये हात घालून शोधायला लागले. चष्मा काढला, पाकीट काढलं, रुमाल काढला. "इथेच होती," मी म्हणत होते, "थांबा, इथेच होती." किती वेळ गेला कुणास ठाऊक. सून म्हणाली, "राहू दे चावी, उचला त्यांना!" चौघांनी काकूंना खुर्चीसकट उचलून दाराबाहेर मोकळ्यावर नेलं. तोंडावर पाणी मारलं, साखर चाटवली. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, उकाडा आणि रिकामं पोट. आणखी थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर कठीण होतं.

तुमच्या चेहऱ्यावरचा एक कणही हलला नव्हता. लोकांनी फोटो काढले, सेक्रेटरींनी भाषणात माझं नाव घेतलं. आज सकाळी काकूंनी सुनेच्या हाती चिवड्याचा डबा पाठवलाय. "आई म्हणतात, तुमची त्या दिवशी फार धांदल उडाली, मनाला लावून घेऊ नका." डबा ओट्यावर आहे. मी झाकण उघडलेलं नाही.

हे तुमच्यामुळे झालं असं म्हणून मोकळं होता येईल, तुमच्या पर्समधला फ्यूज आहेच. पण तुमच्यावर अशी वेळ आली नव्हती आणि तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत नाही. मी काय केलं ते माहीत आहे. किल्ली पर्समध्ये नव्हतीच. ती माझ्या डाव्या मुठीत होती, सकाळपासून, आणि उजव्या हाताने मी पर्स चाचपत होते. एका दिवसाने जो चेहरा स्वतःच झाडायचा होता त्याच्यासाठी.

हे खरं तर काकूंना सांगायचं. त्या बाराव्या मजल्यावर राहतात, लिफ्टने एका मिनिटाचं काम. ते जमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.